लुचईची ओटी

भर उन्हाळ्यात भंडारा जिल्ह्यात फिरायला जाते म्हटल्यावर घरच्यांनी माझ्या कपाळाला हात लावून ताप पाहिला. पण लाखांदूरजवळच्या वनिताताईंचा फोनच तसा होता. त्या गावरान धानांचं बियाणं जपतात. गेल्या पुरात घरात पाणी शिरलं आणि त्यातलं लुचई या जातीचं बियाणं सडलं. गावात दुसऱ्या कुणाकडे ती उरली नव्हती. "आंबागडले माझी लहान बहीण हाये, देवका. तिच्याजवळ असन त असन, नाई त लुचई संपली. येता का संगं?"

लाखांदूरला मुक्काम करून सकाळी आम्ही दोघी भंडाऱ्याच्या एसटीत बसलो. बायकांना अर्धं तिकीट आहे, तेव्हा खिडकीसाठी भांडायची तयारी ठेवा. भंडाऱ्याला गाडी बदलली आणि मोहाडीवरून तुमसर गाठलं. स्टँडबाहेरचे तर्री-पोहे चुकवू नका, डोळ्यांतून पाणी आलं तरी. ताईंनी मात्र नुसता चहा घेतला. पुढे ऑटो.

वाटेत ताई सांगत होत्या, देवकाच्या लग्नात त्यांच्या आईने तिची ओटी तांदळाऐवजी लुचईच्या धानाने भरली, सालासकट. सगळे वऱ्हाडी हसले होते.

"लुचई पेरतं का अजून?" ताईंनी उंबऱ्यातच विचारलं.

"पाय त धुवा आधी," देवका म्हणाली. "एका बांधीत पेरतो दरसाल. सासू म्हणे, कमी पिकते, काहून पेरून राहिली? मी म्हटलं, मायची ओटी हाये, मोडू कशी?"

ताई ओसरीवर बसून रडल्या. मलाही राहवलं नाही.

जेवायला लाखोळीची डाळ आणि भात होता, पण भात दुसऱ्याच धानाचा. मी जरा हिरमुसले, खोटं कशाला बोलू. निघताना देवकाने शेणाने लिंपलेल्या ढोलीतून, म्हणजे धान साठवायच्या कणगीतून, लुचई काढून ताईंची पिशवी भरली, मग आम्हा दोघींच्या ओट्याही. मला म्हणाली, "तुमच्या घरीबी राहू द्या थोडी. आमच्या दोघींची गेली त तुमच्याकडून आणू."

नागपूरला घरी आल्यावर माझ्या सासूबाईंनी ओटीची खीर करायला पातेलं काढलं आणि ती बांधून आणलेल्या रुमालाची गाठ सोडली. "अगं, हे शिजणार कसं? सालासकट आहे."

तेव्हा मला ताई-देवकाच्या आईची हुशारी कळली. तांदूळ असते तर लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी खिरीत गेले असते.

पावसाळा लागल्यावर ताईंचा फोन आला, लुचईची रोपं वर आली. आमच्या वाट्याची लुचई बरणीत घालून फ्रिजमध्ये ठेवली आहे, आणि पाहुण्यांना सासूबाईच बजावतात, "ती आंबागडच्या देवकाची आहे. हात लावायचा नाही."