खिडक्या कोणाच्या मर्जीने बंद झाल्या

सकाळी कारखान्यात पाऊल टाकलं, तर सगळ्या खिडक्या सताड उघड्या.

ऐन वैशाख होता. गोंदियातला आमचा विडीचा कारखाना. विडीसाठी तेंदूचं पान रात्रभर भिजवून ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवतात. ओलं पान वळतं. उन्हाळी वारा लागला की पापडासारखं मोडतं. म्हणून खिडक्यांना कायम कडी. मग जर्द्याची, म्हणजे विडीत भरायच्या तंबाखूची, धूळ आतच कोंडायची. बाया मांडीवर सूप घेऊन दिवसभर त्याच धुळीत बसायच्या.

मी तिथे चेकर होतो. फुटक्या, सैल विड्या बाजूला काढायच्या, हे माझं काम. त्याला छाट म्हणतात. छाटीची मजुरी बाईला मिळत नाही. विड्या मात्र सेठकडेच राहतात. असा हा न्याय.

कौसाबाई केशोरीकडची. नवरा वारल्यावर सुनेला घेऊन कामाला आली होती. धुळीने तिला दमा जडला. ती खिडकीजवळच बसायची, पण बंद खिडकीजवळ. मला म्हणायची, "बाबूजी, येक तरी खिडकी उघडा ना जी. जीव गुदमरून राहिला माहा."

मी सेठला सांगून पाहिलं होतं. उत्तर मिळालं, "खिड़की खोलोगे तो पत्ता कौन सँभालेगा? तुम्हारा बाप?"

आणि आज सगळ्या उघड्या! कारण सरकारी इन्स्पेक्टर येणार होते. कामगारांना हवा-उजेड मिळतो का, ते सुखी आहेत का, हे बघायला. नवे माठसुद्धा मांडले होते.

मी सेठच्या खोलीत गेलो. तिथे दारांना वाळ्याच्या ताट्या लावलेल्या, वर पाणी शिंपडायला माणूस ठेवलेला. गारेगार.

"सेठजी, कारखान्याच्या खिडक्यांना ओली पोती टांगू. हवाही येईल, पानही टिकेल."

"बोरे माल के लिए हैं, बाबू. हवा खाने के लिए नहीं."

"मग आजची छाट तरी माफ करा."

"काहे? पत्ता क्या मैं तोड़ रहा हूँ?"

इन्स्पेक्टर आले तोवर ऊन चढलं होतं. बायांच्या सुपांत मोडक्या पानांचा कचरा साचला होता. एकटी कौसाबाई खिडकीकडे तोंड करून श्वास घेत होती. किती दिवसांनी तिला न खोकता बसलेलं पाहिलं.

इन्स्पेक्टर तरुण होते, वागायला चांगले. त्यांनी विचारलं, "काय बाई, हवा बरी येते ना?"

बाया एकदम उसळल्या. "हवा कायले पाहिजे जी? पान फुटून राहिलं! छाट का तुमी भरून द्याल? लावा त्या खिडक्या!"

सेठने हात जोडले. "देखिए साहब. हम तो खोलते हैं, इन्हें ही नहीं चाहिए."

मला राहवलं नाही. "साहेब, आधी ही छाट काय असते ते ऐका." मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "छाट माझ्या कामात येत नाही. मी हवा-उजेडापुरता आलोय." मग कौसाबाईकडे वळले. "तुम्ही सांगा. खिडकी उघडी हवी की बंद?"

शेजारी तिची सून बसली होती. सुपात मोडकी पानं, डोळ्यांत पाणी. कौसाबाईने ते सूप पाहिलं.

"बंदच बरी जी," ती म्हणाली. उठली, आणि आपल्याच हाताने खिडकीला कडी घातली. बसताना तिला खोकल्याची उबळ आली. साहेब लिहून घेत होते.

रिपोर्ट आला : 'कामगारांच्या आग्रहावरून खिडक्या बंद. कामगार समाधानी.' सेठने त्याला काच लावून तो दारावर टांगला. कोणी कुरकुर केली, की तिकडे बोट दाखवायचे. मला त्या काचेवर वरवंटा घालावासा वाटे.

कौसाबाई त्या पावसाळ्यात गेली. दिवस झाल्यावर सून परत आली आणि सासूच्याच जागेवर बसली. पोळ्यापर्यंत तीही खोकायला लागली.

कामगार खूश आहे का, हे त्याला जरूर विचारावं. पण आधी छाट कोणाच्या माथी पडते ते विचारावं. नाहीतर तो आपल्याच हाताने कडी लावतो, आणि आपण ते समाधान म्हणून लिहून घेतो.