गेटवर न वाजणारा हॉर्न

आमच्या गॅरेजांच्या गल्लीत सगळे त्यांना ‘हॉर्नवाल्या बाई’ म्हणायचे. तोंडावर नाही, अर्थात. तोंडावर ‘या बाई, बसा बाई’, आणि पाठ वळली की एकमेकांना डोळे मारायचे. मीही मारले असतील. मी गाड्यांच्या वायरिंगची कामं करतो. दिवसभर डॅशबोर्डखाली मान वाकडी करून पडणाऱ्या माणसाचा स्वभाव गोड राहत नाही, एवढं समजून घ्या.

बाईंची तक्रार एकच. गाडीचा हॉर्न वाजत नाही. बरं, दाबून बघावं, तर असा खणखणीत वाजायचा की शेजारचा पंक्चरवाला दचकून शिवी हासडायचा.

“वाजतोय की, बाई.”

“इथं वाजतो. तिथं वाजत नाही.”

“तिथं म्हणजे कुठं?”

“जिथं वाजायला हवा तिथं.”

आता बोला! यावर माणसानं कपाळाला हात लावण्यापलीकडे काय करावं?

तो हॉर्न का वाजायला हवा होता, ते मला फार उशिरा कळलं. तुम्हाला मात्र आत्ताच सांगून टाकतो, नाहीतर तुम्हीही आमच्यासारखेच हसाल. बाईंचे यजमान गावाबाहेरच्या एका संस्थेत होते. आठवणी पुसट झालेल्या म्हाताऱ्यांना सांभाळतात तिथं. घरी होते तोवर बाईंनी एकटीनं केलं त्यांचं. मग एकदा ते गॅस चालू ठेवून घराबाहेर पडले, आणि बाईंनी हात टेकले. मूलबाळ नव्हतं. भाऊ होता, तो फोनवर सल्ले द्यायचा.

यजमानांची नोकरी वखारीतल्या हिशेबाची. पुढं डोळे अधू झाले तेव्हा त्यांनी गाडी बाईंना शिकवली आणि आपण शेजारी बसायला लागले. संध्याकाळी बाई वखारीखाली गाडी उभी करायच्या, दोनदा हॉर्न द्यायच्या, की हे कागद आवरून जिना उतरायचे. तो जाडाभरडा, दोन सुरांचा हॉर्न त्यांनी स्वतःच हौसेनं बसवलेला. संस्थेत गेल्यावर ते माणसं विसरले, घर विसरले, पण हॉर्न विसरले नव्हते. दर रविवारी बाई गेटातून आत वळायच्या, त्यांच्या खिडकीखाली थांबून दोनदा हॉर्न द्यायच्या. ते सेविकेचा हात सोडून भराभर खाली यायचे, गाडीत बसायचे आणि बाईंना त्यांच्या नावानं हाक मारायचे. गाडीत ओळखायचे. खोलीत जाऊन भेटलं, तर कोण ही परकी बाई म्हणून भिंतीकडे तोंड फिरवायचे. बाईंचा अख्खा आठवडा त्या गाडीतल्या अर्ध्या तासावर चालायचा. आणि तो हॉर्न गेटवर वाजेनासा झाला होता.

हे बाईंनी कुणाला सांगितलं नाही. मानी बाई. दवाखान्यात औषधांच्या खिडकीमागे उभी राहून आयुष्य गेलेलं; दुसऱ्याचं दुखणं ऐकायची सवय, स्वतःचं सांगायची नाही.

आधी त्या मोठ्या वर्कशॉपात गेल्या, काचेची केबिन असलेल्या. तिथल्या साहेबानं हॉर्न दाबून बघितला, वाजला. म्हणाला, गाडी जुनी झाली, सगळं वायरिंगच बदलून टाका. मग दुसऱ्याकडे गेल्या. त्यानं न विचारता नवा हॉर्न बसवला, आणि बाईंनी तो त्याच पावली काढायला लावला. म्हणाल्या, “हा माझा नाही.” त्या दिवसापासून गल्लीत टिंगल सुरू झाली. तिसऱ्यानं बॅटरी बदलली. बॅटरीचा इथं काय संबंध, ते त्यालाच ठाऊक. आणि मग त्या माझ्याकडे आल्या.

मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, “बाई, यांच्या नादी लागलात तिथंच चुकलं. वायरिंग म्हणजे माझ्या हातचा मळ!” फ्यूज बघितला, ठीक. टेस्ट लॅम्प लावून हॉर्नपर्यंत करंट येतोय का बघितलं, लख्ख पेटला. हॉर्नला करंट सोडणारा रिले जरा काळवंडलेला दिसला, तो बदलला. दहा वेळा दाबला, दहा वेळा वाजला. म्हटलं, जा बिनधास्त.

सोमवारी बाई परत हजर. आरडाओरडा नाही, भांडण नाही. स्टुलावर बसल्या, पर्स मांडीवर घेतली आणि म्हणाल्या, “नाही वाजला.”

खोटं कशाला बोलू, मला राग आला. त्यांचा नाही, त्या हॉर्नचा. मी अर्थिंगची वायर घासली, जोड नवे केले. पुढचा रविवार गेला. नाही वाजला. मग एक रविवार बाई तापानं आजारीच पडल्या आणि गेल्याच नाहीत. त्याच आठवड्यात गाडी पोचवायला मी त्यांच्या घरी गेलो. पाण्याच्या टाकीमागच्या गल्लीत, कोपऱ्यावरचं घर. स्वयंपाकघरात रेडिओ बारीक आवाजात चालू, ऐकणारं कुणी नाही. टेबलाच्या एका टोकाला एकच ताट पालथं घातलेलं. बाकीच्या टेबलावर पुरुषाचे सदरे, इस्त्री केलेले, आणि प्रत्येकाच्या कॉलरमागं दोऱ्यानं नाव शिवलेलं.

“नाव कशाला शिवता?” मी भोचकपणे विचारलं.

“तिथं कपडे अदलाबदल होतात.”

“तिथं म्हणजे कुठं, बाई?”

तेव्हा त्यांनी सांगितलं. गॅसपाशी उभ्या राहून, माझ्याकडे पाठ करून, चहा गाळता गाळता. शेवटी म्हणाल्या, “हॉर्न न वाजवता मी गेले तर ते खाली येत नाहीत. मी वर जाऊन बसते. मागच्या वेळी त्यांनी सेविकेला सांगितलं, या बाईंना जायला सांगा, मला कपडे बदलायचेत.”

मी म्हटलं, “रविवारी मी येतो तुमच्याबरोबर. जिथं वाजत नाही तिथंच बघू.”

रविवारी गाडी बाईच चालवत होत्या, मी शेजारी. वाटेत बाईंनी एकदाही हॉर्न दिला नाही. म्हैस आडवी आली, रिक्षा आडवी आली, त्या आपल्या शांत थांबायच्या. मी म्हटलं, “अहो, द्या की हॉर्न!” तर म्हणाल्या, “उगाच कशाला कुणाला दचकवायचं?” म्हणजे अख्ख्या आठवड्यात हा हॉर्न फक्त एका ठिकाणी दाबला जात होता!

संस्थेचं गेट डाव्या हाताला. बाई आत वळल्या. तिथली जागा अशी चिंचोळी, की खिडकीखाली यायचं तर स्टिअरिंग पूर्ण डावीकडे ओढून तसंच थांबायचं. थांबल्या. दाबलं. आवाज नाही. परत दाबलं, नाही.

“बाई, स्टिअरिंग सरळ करा आणि दाबा.”

वाजला! एकदाच, पण आवारातली कबुतरं उडाली. मी स्वतःच्या डोक्यावर टपली मारली. स्टिअरिंगच्या आत एक पितळी चकती असते आणि तिच्यावर टेकलेली एक पिन. चाक कसंही फिरवा, करंट त्या पिनेतून जातो. चकती एका जागी जळून खड्डा पडला असेल, तर बरोबर तेवढ्याच वळणावर पिन अधांतरी. आम्ही सगळे शहाणे गाडी गॅरेजात सरळ उभी करून, स्टिअरिंग सरळ ठेवून हॉर्न दाबत होतो! चाक फिरवून बघायचं एकाच्याही डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही.

“म्हणजे सापडलं?” बाईंनी विचारलं. त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता की मला जेमतेम ऐकू आला.

“सापडलं, बाई. हत्यारं आणलीत, इथंच करतो.”

तिथंच, त्या आवारात, मी स्टिअरिंग उतरवलं. चकतीवर जळका खड्डा होताच. घासून सपाट केली, पेटीतल्या सुट्या भागांतली नवी पिन टाकली, सगळं परत बसवलं. बाई तेवढा वेळ खिडकीकडे बघत उभ्या होत्या. त्यांनी केस सारखे केले, पदर सारखा केला, मग परत केस. शेवटी मी मागच्या सीटवर जाऊन बसलो आणि म्हटलं, “आता दाबा. डावीकडे वळवून, नेहमीसारखं.”

बाईंनी चाक वळवलं आणि दोनदा दाबलं.

वर खिडकीत एक चेहरा आला. मग जिन्यावर चपला वाजल्या. उंच, वाकलेले, शर्टाची बटणं वरखाली लागलेले गृहस्थ सेविकेला मागं टाकून जवळजवळ धावतच आले. माझा जीव भांड्यात पडला. खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं माझ्या. त्यांनी दार उघडलं, आत बसले, हसत हसत बाईंकडे वळले, आणि हसू तिथंच थांबलं.

“तुम्ही इथं कशा?” ते म्हणाले. रागानं नव्हे, अगदी अदबीनं. “ही माझ्या मिसेसची जागा आहे. ती आलीय, आत्ता हॉर्न दिला तिनं. तुम्ही मागे बसता का जरा?”

मी तोंड उघडायला गेलो. बाईंनी आरशातून माझ्याकडे बघून मान हलवली. उतरल्या, मागचं दार उघडलं आणि माझ्या शेजारी येऊन बसल्या. पुढं ते एकटे, बाजूची सीट रिकामी. त्या पाच-सहा रविवारांत काय निसटून गेलं होतं ते मला समजलं, आणि ते जोडायला माझ्याकडे हत्यार नव्हतं. आम्ही गॅरेजवाल्यांनी दवडलेले रविवार होते ते.

बराच वेळ ते गेटकडे बघत राहिले. मग त्यांना वाटलं असावं, मागे पाहुणे बसलेत, काहीतरी बोलायला हवं. मान वळवून म्हणाले, “येईलच ती. जाता जाता तुम्हालाही सोडू. राहता कुठं तुम्ही?”

“पाण्याच्या टाकीमागं,” बाई म्हणाल्या. “कोपऱ्यावरचं घर.”

“अरे वा! म्हणजे आमच्याच गल्लीत की!” त्यांना केवढा आनंद झाला. “आणि घरी कोण कोण असतं?”

बाईंनी पर्सची चेन लावली, परत उघडली.

“कुणी नाही,” त्या म्हणाल्या. “मी एकटीच असते.”

“मग येत जा ना आमच्याकडे,” ते म्हणाले. “माझी बायको फार चांगली आहे.”