मोरीला नळ नाही

घरात गरम पाणी आलं म्हणजे ते कुणाला मिळतं, हे तुम्ही कधी पाहिलंय?

पाणी तापवणाऱ्या हीट पंपावर सवलत मिळते, वीज वाचते, बंबाचा धूर जातो, अशी पत्रकं वाटत मी शेळगावात फिरत होते. एका अंगणातल्या मोरीवर त्या घरच्या बाई गार पाण्यात भांडी घासत होत्या. मधूनच बोटं काखेत धरून शेकत होत्या. गच्चीवर मात्र नवाकोरा हीट पंप!

“मावशी, गरम पाणी घ्या की!”

“ते न्हाणीत येतं. हितं नळ कुठं काढलाय? मालक म्हणालं, भांड्यास्नी काय थंडी वाजती व्हय?”

त्या हसल्या. मला हसवेना. दिवसभर जिचे हात पाण्यात, तिलाच वगळून सवलतीचं कौतुक चाललं होतं!

हीट पंप जरूर बसवा; पण पाइप टाकण्याआधी घरातल्या बाईला विचारा, नळ कुठं हवा.