तोंडावर आपटणारा गडी

मानवतच्या स्टँडवर खिडकीतून रुमाल टाकून एका तिशीतल्या बाईनं माझ्याशेजारची जागा धरली. बसताच हातातल्या छोट्या कन्सोलवर स्केटबोर्डचा गेम लावला. उडी मारली की चित्र अडकायचं आणि फळीवरचा गडी तोंडावर आपटायचा. दर वेळी ती पदरानं काच पुसून नव्यानं सुरू करायची.

"रस्ताच लय भिकार हाय," मी सवयीनं बोललो.

"रस्त्याला कामून बोलता, काका? गाडी रेल्वे फाटकापाशी उभी हाय की!" ती उसळली. "मोठ्या टीव्हीचा गेम तसाच कोंबलाय ह्याच्यात. अक्षरं मोहरीएवढी. बनवणाऱ्यानं एकदा तरी हातात धरून बघितला आसंल का?"

फाटक उघडलं. पहिल्याच खड्ड्यात आम्ही दोघं सीटवरून उडालो. कन्सोल पोटाशी आवळत ती कडाडली, "ह्यो रस्ता बी त्यानंच बनवलाय वाटतं!"