सम बसा

कुबल मास्तर इंग्रजी शब्दाचा अर्थ विचारायचे नाहीत, गाव विचारायचे. आचऱ्याच्या शाळेत एकदा फळ्यावर ‘सॉफ्ट’ लिहून म्हणाले, “याचं मूळ गाव?”

“लंडन,” मी ठोकून दिलं.

“ती नोकरीची जागा. तुझा बाप मुंबईला आहे तशी. घराणं जर्मन. जर्मनीतला भाऊ ‘झान्फ्ट’, हॉलंडातला ‘झाख्त’.” पूर्वी त्याचा अर्थ सुखाचा, शांत, जुळणारा असा होता. लोण्यासारखा मऊ तो नंतर झाला, नेभळट तर फारच उशिरा. “जाणकार म्हणतात, पार मागे गेलं तर तो आपल्या ‘सम’पाशी पोचतो. खाडीच्या तरीवरचा पांडू होडी कलली की ओरडतो ना, ‘सम बसा रे’? तोच सम.” वर्ग हसला. मीही हसलो.

माझं शिक्षण संपलं आणि मी पत्रकं काढू लागलो. गावाबाहेरच्या वाडीतल्या पोरांसाठी शाळेत पाण्याचं मडकं वेगळं होतं. ही नीच चाल होती, आजही आहे. मास्तरांकडे सही मागायला गेलो. शाळेच्या कमिटीवरचं ते पत्रक वाचून त्यांनी पेन्सिल काढली.

“बाबल, ‘नराधम’ हो शब्द काढ. मगे सही करतंय.”

“मवाळपणा नको, सर.”

“शिवी घालून तुका बरां वाटात. पोरांका पाणी मिळाचा नाय.”

मी कागद ओढून घेतला. पुढचं पत्रक त्यांच्यावरच काढलं. मथळा ‘मवाळ मास्तर’. खाली लिहिलं, घंटा होऊन अर्धा तास झाला तरी यांचा पत्ता नसतो, हे काय न्याय देणार? छापखान्यात बसून प्रूफ मीच तपासलं.

कमिटीने मडक्याला हात लावला नाही. माझं पत्रक मात्र टेबलावर ठेवून मास्तरांना उशिराचं कारण विचारलं. मास्तरांनी कारण सांगितलं नाही. नोकरी गेली. त्याच पावसाळ्यात ते तापाने गेले.

बाराव्याला मी खाडीपलीकडे त्यांच्या घरी गेलो. जेवलो. काही वाटलं नाही. परतताना पांडूची तर भरत होती. तिकडच्या गावाबाहेरच्या वाडीतली येसू डोक्यावर भारा घेऊन बाजूला उभी होती.

“ही का नाही चढत?” मी विचारलं.

“ती शेवटच्या खेपेक, बाकीची सगळी गेल्यार,” पांडू म्हणाला. “मास्तर पण रोज सकाळी तिच्याबरोबर हयच थांबत. म्हणत, ‘पांडू, सगळ्यांका एकदम सम बसय, मी येळेर पोचतलंय.’”

“मग बसवलं का नाहीस?”

“माका गावात ऱ्हवाचा आसा.”

तर निघून गेली. मी येसूजवळ थांबलो. ती म्हणाली, “ता पत्रक तूच काढलंस मा? माका वाचूक येणा नाय. मास्तरांनी वाचून दाखवल्यानी. म्हणाले, ‘पोरगो बरो लिवता. शुद्धलेखनाची एक चूक नाय.’”

शेवटच्या खेपेला ती शेपटाकडे बसली, मी तिच्या शेजारी. होडी मागे दबली.

“सम बसा रे!” पांडू सवयीने ओरडला. मग हळू म्हणाला, “मास्तर मधल्या फळयेर बसत. हिका घेवन.”

आम्ही दोघं उठून मधल्या फळीवर बसलो.