कडेचं मीठ

शेवटच्या संध्याकाळी आम्हा दोघांसाठी जिन-लिंबू मीच केलं. क्लबात वेटर होतो, तिथं शिकलेलो. ग्लासच्या कडेला मीठ लावलं, तर बायको म्हणाली, "अहो, लोणचं घालताय का?" आणि हसत हसत सगळं प्यायली. पहाटे झोपेतच गेली.

आता एकट्यापुरतं करतो, तर अर्धं लिंबू उरतं आणि सुकून जातं. बाई प्यायली की लोक तेवढंच धरून बसतात, तिचं जन्मभराचं राबणं विसरतात. म्हणून त्या सकाळी शेजाऱ्यांना हाक मारायच्या आधी तिचा ग्लास धुतला. कडेच्या मिठात तिच्या ओठांएवढी जागा मोकळी होती, तीही गेली. माझा उष्टा ग्लास मात्र सगळ्यांना दिसेल असा टेबलावर ठेवला.