निकालाआधीचे पेढे

मंडळी, आज मी चार तास थोर शास्त्रज्ञ होते.

सातपूरच्या लॅबमध्ये माझं काम एवढंच: शेकडो रसायनं एकेक करून कॅन्सरच्या पेशींवर टाकायची आणि त्यातलं एखादं औषध होण्याच्या लायकीचं निघतंय का ते बघायचं. बहुतेक वेळा पेशी ढिम्म हलत नाहीत. आज सकाळी मात्र एका रसायनानं सगळ्या पेशी साफ!

राहवेना, म्हणून घरी फोन लावला. आईनं अर्धंच ऐकलं आणि पेढे आणायला पळाली. फोन पप्पांच्या हातात आला. ते टोमॅटो लावतात. म्हणाले, "किडे मेले, बरं झालं. पण झाड हाय का जागेवर?"

"पप्पा, ही काय टोमॅटोची शेती आहे का!" मी हसून फोन ठेवला.

दुपारी त्याच रसायनाचा निरोगी पेशींवरचा निकाल आला. त्याही साफ. औषध कसलं, विषच ते.

संध्याकाळी घरी पोचले तर गल्लीभर पेढे वाटून झालेले. शेजारच्या काकू विचारत होत्या, "हे औषध माझ्या गुडघ्याला लागू पडेल का गं?"

मी तोंड उघडायच्या आत पप्पा म्हणाले, "पडंल की वहिनी. दुखणं जाईल, गुडघाबी जाईल."

आता एवढंच सांगा, वाटलेले पेढे परत कसे मागतात?